लहान म्हणून काढलेला लेफ्ट बॅक: अँडी रॉबर्टसन तिथपर्यंत पोहोचला कसा?

तुमचा मुलगा पंधरा वर्षांचा, डावखुरा. फुटबॉलच्या निवड चाचणीत ‘अंगानं बारीक आहे’ म्हणून बाजूला काढला. क्लबमध्ये सर त्याला लेफ्ट बॅकला, म्हणजे डाव्या कडेच्या बचावाला, उभा करतात आणि ते त्याला अजिबात आवडत नाही. अशात घरी कुणीतरी लिव्हरपूलकडून गाजलेल्या स्कॉटलंडच्या अँडी रॉबर्टसनचं नाव काढलं, की बघ, त्यालाही असंच काढलं होतं. तुमचं विचारणं असं, की ही गोष्ट खरी किती, आणि स्कॉटलंडच्या लीगमधल्या चौथ्या पायरीवरचा पोरगा लिव्हरपूलपर्यंत पोहोचतो कसा.

मी अठ्ठावीस वर्षं मुलांना शिकवतोय. त्याआधी कोल्हापुरात स्वतः लेफ्ट बॅक खेळलो, म्हणजे मैदानातली अशी जागा जिथून कडेच्या प्रेक्षकांच्या शिव्या सगळ्यात स्पष्ट ऐकू येतात. रॉबर्टसनचे सामने मी त्या नजरेनं बघत आलोय. गोष्ट खरी आहे, पण आपल्याकडे ती उलट्या टोकाकडून सांगतात.

जन्म ११ मार्च १९९४, ग्लासगो. घर सेल्टिक या तिथल्या मोठ्या क्लबच्या चाहत्यांचं, मुलगाही लहानपणापासून सेल्टिकच्या अकादमीत. पंधराव्या वर्षी क्लबनं सांगितलं, उंची-अंग कमी पडतंय, पुढे ठेवता येणार नाही. इथे सगळे थांबतात आणि सेल्टिकला हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. पंधराव्या वर्षी कोण किती वाढणार हे ओळखणं महाकठीण, मी स्वतः त्यात कितीदा तरी तोंडघशी पडलोय. प्रत्येक मोठा क्लब दरवर्षी अशी पोरं सोडतो आणि त्यातली बहुतेक पुन्हा कुणाला दिसत नाहीत. तेव्हा काढलं ही बातमीच नाही. काढल्यावर तो गेला कुठे, हे बघा.

तो गेला क्वीन्स पार्कला. हा स्कॉटलंडमधला सगळ्यात जुना क्लब, १८६७ चा, आणि तेव्हा पूर्ण हौशी. खेळाडूंना पगार नाही. २०१९ मध्ये सभासदांनी मतदान करून ती प्रथा सोडली, तोवर दीडशे वर्षं ती पाळली गेली. गंमत अशी, की या बिनपगारी क्लबचं घरचं मैदान म्हणजे हॅम्पडन पार्क, स्कॉटलंडचं राष्ट्रीय स्टेडियम. पन्नास हजारांहून जास्त खुर्च्या, आणि साध्या शनिवारी बघायला काही शे माणसं. एवढ्या रिकाम्या जागेत गोलरक्षकाची हाक घुमून परत येत असणार.

२०१२ च्या उन्हाळ्यात रॉबर्टसन अठरा वर्षांचा होता. शाळा संपलेली, खिशात दमडी नाही. याच हॅम्पडनमध्ये तो तिकिटांसाठी येणारे फोन घ्यायचं काम करायचा. त्या ऑगस्टमध्ये त्यानं ट्विटरवर लिहिलं, की या वयात पैसे नसले की जगणं बेकार, नोकरी पाहिजे. ते ट्वीट पुढे फार फिरलं. विद्यापीठात जायचा विचारही डोक्यात होताच.

आणि त्याच मोसमात तो पहिल्या संघात आला. तेव्हाची थर्ड डिव्हिजन म्हणजे वरून चौथी पायरी. बहुतेक खेळाडू दिवसा दुसरीकडे नोकरी करून संध्याकाळी सरावाला येणारे. अशा तिशीतल्या, हाडापेरानं भक्कम माणसांसमोर हा बारीक पोरगा दर शनिवारी उभा राहिला. तिथे तुमचं वय कुणी विचारत नाही, कोपर लागतंच. वर त्या वर्षी योगायोग असा, की आर्थिक दिवाळखोरीमुळे रेंजर्ससारखा बलाढ्य क्लब थेट चौथ्या पायरीवर येऊन पडलेला. डिसेंबरमध्ये हॅम्पडनवर क्वीन्स पार्क विरुद्ध रेंजर्स झाला तेव्हा तीस हजारांच्या आसपास लोक आले. म्हणजे बिनपगारी खेळाडूंना एकाच मोसमात रिकामं मैदानही बघायला मिळालं आणि भरलेलंही. क्वीन्स पार्क तिसरा आला.

माझ्या हिशेबानं रॉबर्टसन घडला तो इथे. एका मोसमात चाळीसच्या आसपास सामने, सगळे मोठ्या माणसांविरुद्ध, सगळ्यांत निकालाला किंमत. मोठ्या अकादमीत राहिला असता तर तेच वर्ष त्यानं हिरव्यागार सरावमैदानावर आपल्याच वयाच्या मुलांशी खेळून घालवलं असतं. बचावपटू चुका करून शिकतो, आणि चूक शिकवते तेव्हाच, जेव्हा तिच्यापायी गोल बसतो आणि ड्रेसिंग रूममध्ये कुणीतरी मोठा माणूस तुमच्याकडे बघतो.

२०१३ मध्ये डंडी युनायटेडनं त्याला घेतलं. व्यवस्थापक जॅकी मॅकनमारा, स्वतः सेल्टिक आणि स्कॉटलंडकडून खेळलेला राइट बॅक. फुलबॅकची, म्हणजे कडेच्या बचावपटूची, पारख फुलबॅकलाच, असं आपलं माझं मत. त्या संघात स्टुअर्ट आर्मस्ट्राँग, रायन गॉल्ड, जॉन साउटर अशी तरुण पोरं होती. एकाच मोसमात रॉबर्टसन स्कॉटलंडचा वर्षातला सर्वोत्तम तरुण खेळाडू ठरला. मार्च २०१४ मध्ये वॉर्सात पोलंडविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरून राष्ट्रीय संघातही आला. बिनपगारी फुटबॉल ते राष्ट्रीय संघ, मध्ये जेमतेम एक वर्ष. स्कॉटिश कपची अंतिम फेरीही गाठली, ती मात्र सेंट जॉन्स्टनविरुद्ध ०–२ हरले.

जुलै २०१४ मध्ये हल सिटीनं सुमारे २८.५ लाख पाउंड मोजून त्याला इंग्लंडला नेलं. त्याच दिवशी त्यांनी शेफील्ड युनायटेडकडून हॅरी मॅग्वायरलाही घेतलं. एका दिवसाची ती खरेदी, आणि पाच वर्षांनी मॅग्वायर ८ कोटी पाउंडांना विकला गेला.

हलमधली तीन वर्षं कागदावर बघाल तर कपाळाला हात लावाल. पहिल्या वर्षी संघ प्रीमियर लीग या इंग्लंडच्या सर्वोच्च पायरीवरून खाली, दुसऱ्या वर्षी वेम्बलीत बढतीचा प्ले-ऑफ सामना जिंकून वर, तिसऱ्या वर्षी पुन्हा खाली. पण रॉबर्टसन खेळत राहिला, शंभराहून जास्त सामने. खाली जाणाऱ्या संघाचा लेफ्ट बॅक दर आठवड्याला काय भोगतो? समोर ताज्या दमाचा विंगर, म्हणजे कडेनं चढाई करणारा खेळाडू, मदतीला कुणी नाही, चेंडू सतत तुमच्याच अर्ध्यात. बचावाची याहून कडक शाळा नाही. माझ्याकडच्या पालकांना हे पटत नाही. त्यांना मुलगा जिंकणाऱ्या संघाच्या बाकावर बसलेला चालतो, हरणाऱ्या संघात नव्वद मिनिटं खेळलेला चालत नाही.

जुलै २०१७ मध्ये लिव्हरपूलनं ८० लाख पाउंडांना त्याला उचललं. त्याच सुमारास केविन स्टुअर्ट हा लिव्हरपूलचा मध्यरक्षक हलकडे गेला. म्हणजे त्या व्यवहारातली बरीचशी रक्कम वसूलच झाली म्हणायची. गेल्या चाळीस वर्षांतली लिव्हरपूलची सर्वांत किफायतशीर खरेदी कोणती, यावर आमच्या चहाच्या टपरीवर वाद होतो तेव्हा मी हाच व्यवहार पुढे करतो.

पहिले चार-पाच महिने तो जवळजवळ बसूनच होता. लेफ्ट बॅकला अल्बर्टो मोरेनो खेळत होता आणि बरा खेळत होता. व्यवस्थापक युर्गन क्लॉपच्या पद्धतीत फुलबॅकनं कधी वर चढायचं, कधी दाबायचं, चेंडू गेल्यावर पहिली दोन पावलं कुठल्या दिशेला टाकायची, हे सगळं नव्यानं शिकायचं होतं. डिसेंबरमध्ये स्पार्टाक मॉस्कोविरुद्ध मोरेनोचा घोटा दुखावला, आणि जागा रिकामी झाली. याला नशीब म्हणा हवं तर. पण त्या दिवशी तो तयार होता, आणि ती तयारी कुणी पाहत नसताना झालेली.

आता एक प्रसंग जवळून दाखवतो, कारण मी तो मुलांना दरवर्षी दाखवतो. १४ जानेवारी २०१८, लिव्हरपूलचं घरचं मैदान अॅनफिल्ड, समोर त्या मोसमात एकही लीग सामना न हरलेला मँचेस्टर सिटी. लिव्हरपूल ४–१ पुढे. दुसरा कुणी असता तर खाली बसून आघाडी राखली असती. सिटीकडे चेंडू, आणि आपला लेफ्ट बॅक एकटाच त्यामागे सुटतो. एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, मग थेट गोलरक्षक एडरसनपर्यंत. स्वतःच्या जागेपासून निघून तो समोरच्यांच्या पेनल्टी क्षेत्रापाशी पोहोचला, आणि शेवटी निकोलास ओटामेंडीला पाडून फाउल दिला. हाती काय आलं? काहीच नाही, उलट फ्री किक गेली. पण सगळं स्टेडियम उठून टाळ्या वाजवत होतं. सामना शेवटी ४–३ असा अंगावर आला होता, तेही सांगून ठेवतो.

मुलं हे बघून म्हणतात, “सर, काय पळतोय!” मी चित्र थांबवतो आणि विचारतो, तो सरळ पळतोय का? नीट बघा. प्रत्येक वेळी तो असा कोन धरून जातो, की समोरच्याला पुढे पास देणं अवघड आणि मागे देणं सोपं वाटावं. तो चेंडूमागे पळत नाहीये, चेंडूला मागे हाकतोय, गुरं हाकावीत तसा. दम सगळ्यांकडे असतो. एका टप्प्यावर कोन चुकला असता, तर त्याच्या पाठीमागे डावी बाजू सताड उघडी होती आणि त्याच टाळ्या वाजवणाऱ्यांनी त्याला फाडून खाल्लं असतं.

तिथून पुढचं बहुतेकांना माहीत आहे. मे २०१८ मध्ये कीव्हला चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेची, अंतिम फेरी, रेआल माद्रिदकडून हार. पुढच्या वर्षी माद्रिदमध्येच टॉटनहॅमला २–० हरवून तोच करंडक. २०२० मध्ये लिव्हरपूलचं तीस वर्षांनंतरचं पहिलं लीग विजेतेपद, ९९ गुण. २०२२ मध्ये एफए कप आणि लीग कप, २०२४ मध्ये पुन्हा लीग कप, २०२५ मध्ये आर्ने स्लॉटच्या हाताखाली दुसरं लीग विजेतेपद.

२०१८–१९ च्या लीगमध्ये त्याच्या नावावर ११ असिस्ट, म्हणजे गोल घडवणारे पास, होते, आणि पलीकडच्या कडेला ट्रेंट अलेक्झांडर-आर्नोल्डच्या नावावर १२. पुढच्या वर्षी १२ आणि १३. दोन फुलबॅक, आणि संघाचे गोल घडवणारे तेच. डिसेंबर २०२२ मध्ये अॅस्टन व्हिलाविरुद्ध ५४ वा असिस्ट देऊन रॉबर्टसननं लेटन बेन्सचा बचावपटूंमधला प्रीमियर लीग विक्रम मोडला. नंतर ट्रेंट त्याच्याही पुढे गेला.

हे जमलं कसं, ते आकड्यांत दिसत नाही. पुढच्या फळीतला सादिओ माने डावीकडून आत सरकायचा, त्याच्यामागे समोरचा राइट बॅक ओढला जायचा, आणि कडेची सगळी पट्टी रॉबर्टसनला मोकळी मिळायची. तो वर गेल्यावर मागे पडलेलं भगदाड बुजवायला हेंडरसन, वाइनाल्डम, फॅबिन्यो, मिल्नर असे मध्यरक्षक होते, ज्यांचं नाव असिस्टच्या यादीत फारसं यायचं नाही. फुलबॅकच्या प्रत्येक चढाईचं भाडं मधल्या फळीतला कुणीतरी भरत असतो. तुमच्या मुलाच्या संघात ते भाडं भरणारा कुणी नसेल, तर त्याला रॉबर्टसनसारखं वर पाठवून परत आल्यावर झापणाऱ्या सरांशी जरूर बोला.

१० नोव्हेंबर २०१९ चा सिटीविरुद्धचा दुसरा गोल शोधून बघा. उजव्या कडेवरून ट्रेंट डाव्या पायानं चेंडू मैदानाच्या आरपार फेकतो. रॉबर्टसन तो घेतो आणि बचावफळी वळायच्या आत तिच्या आणि गोलरक्षकाच्या मधल्या पट्ट्यात क्रॉस टाकतो, म्हणजे कडेवरून गोलसमोर चेंडू. सलाह धावत येऊन डोक्यानं आत. क्रॉस टाकताना रॉबर्टसन माणूस शोधत नाही, जागा शोधतो. तिथे पोहोचायचं काम सलाहचं. आपली मुलं क्रॉस टाकण्याआधी मान वर करून मित्राला हात करतात, तोवर तीन बचावपटू आत आलेले असतात.

डाव्या पायाइतका त्याचा उजवा मात्र कधीच नव्हता, कामापुरताच. गोलही मोजकेच, पण मोक्याचे. नोव्हेंबर २०१९ मध्ये व्हिलाविरुद्ध ८७ व्या मिनिटाला डोक्यानं बरोबरी साधली, मग मानेनं भरपाईच्या वेळेत सामना जिंकून दिला. अशा सामन्यांतूनच ते विजेतेपद आलं.

चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीतली बार्सिलोनाविरुद्धची ७ मे २०१९ ची रात्रही सांगायला हवी. दोन सामन्यांतला पहिला ०–३ गेलेला, परतीचा ४–० जिंकला. सगळ्यांना तो आठवतो. त्यात रॉबर्टसन निम्माच सामना खेळला हे फार जणांच्या लक्षात नसतं. सुरुवातीलाच त्यानं खाली बसलेल्या मेस्सीच्या डोक्यावर मागून हात मारून त्याला ढकललं. शोभणारं नव्हतं ते, आणि नंतर त्याचं त्यालाही वाईट वाटलं. मग सुआरेझची लाथ त्याच्या पोटरीवर बसली आणि मध्यंतराला त्याला बाहेर बसावं लागलं. मिल्नर लेफ्ट बॅकला सरकला, जागा भरायला वाइनाल्डम आला, आणि त्यानं दोन मिनिटांत दोन गोल केले. कारकीर्दीतली सगळ्यात गाजलेली रात्र, आणि तिचा उत्तरार्ध रॉबर्टसननं मैदानाबाहेरून ऐकला.

स्कॉटलंडचं प्रकरण वेगळंच. सप्टेंबर २०१८ मध्ये राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक अॅलेक्स मॅकलीश यांनी चोवीस वर्षांच्या रॉबर्टसनला कर्णधार केलं. तेव्हा स्कॉटलंडचा पुरुष संघ १९९८ नंतर एकाही मोठ्या स्पर्धेत गेलेला नव्हता. त्यात पेच असा, की देशाचे सर्वोत्तम दोन बचावपटू, रॉबर्टसन आणि किरन टिअर्नी, दोघंही लेफ्ट बॅक. दोन हिरे, कोंदण एकच. नंतरचे प्रशिक्षक स्टीव्ह क्लार्क यांनी मागे तीन बचावपटू ठेवून टिअर्नीला त्यांतला डावा केला आणि रॉबर्टसनला त्याच्यापुढे कडेनं मोकळं सोडलं. मला ही रचना फार आवडते, कारण ती पुस्तकातून आली नाही, हाताशी असलेल्या माणसांतून आली.

नोव्हेंबर २०२० मध्ये सर्बियात पेनल्टींवर जिंकून ते युरोला, म्हणजे युरोपीय देशांच्या स्पर्धेला, पोहोचले. तिथे मात्र गटातूनच परत. २०२२ मध्ये घरच्या मैदानावर युक्रेननं विश्वचषकाची वाट अडवली. २०२४ च्या युरोत पहिल्याच सामन्यात जर्मनीनं ५–१ असं धुतलं. त्याच वर्षी सर्वाधिक सामन्यांत कर्णधारपद भूषवण्याचा जॉर्ज यंग यांचा ४८ सामन्यांचा विक्रम त्यानं मागे टाकला. हा एवढा विक्रम आणि एवढ्या हारी एकाच दंडपट्टीखाली.

वयही दिसू लागलं होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये सेव्हिलला स्पेनविरुद्ध खांदा निखळला, शस्त्रक्रिया झाली. डिसेंबर २०२४ मध्ये फुलहॅमविरुद्ध सतराव्या मिनिटाला लाल कार्ड. पूर्वी जो विंगर त्याला दिसायच्या आत मागे पडायचा, तो आता निसटून जाऊ लागला. २०२५ च्या उन्हाळ्यात लिव्हरपूलनं बोर्नमथकडून मिलोश केर्केझ आणला. ज्या बाकावरून रॉबर्टसननं मोरेनोची जागा घेतली, त्या बाकावर तो परत आला.

त्याच जुलैमध्ये सहकारी आणि जवळचा मित्र दिओगो जोटा स्पेनमध्ये मोटार अपघातात भावासह गेला.

१८ नोव्हेंबर २०२५ ला हॅम्पडनवर डेन्मार्क. जिंकले तर विश्वचषक. तिसऱ्या मिनिटाला मॅकटॉमिनेची हवेतली उलटी किक, डेन्मार्कची दोनदा बरोबरी, आणि भरपाईच्या वेळेत टिअर्नी, तोच ‘दुसरा’ लेफ्ट बॅक, बाहेरून आत वळणारा फटका मारतो. मग केनी मॅक्लीन मध्यरेषेवरून. ४–२. अठ्ठावीस वर्षांनी स्कॉटलंड विश्वचषकाला. सामन्यानंतर कर्णधार बोलायला आला तो जोटाबद्दल बोलला. दिवसभर तो डोक्यातून जात नव्हता म्हणाला. २०२२ च्या विश्वचषकाला जोटा दुखापतीमुळे मुकला होता आणि रॉबर्टसन पात्रताच न मिळाल्यामुळे. पुढच्या वेळी दोघांनी जायचं, असं त्यांचं बोलणं व्हायचं.

आता तुमच्या मुलाकडे येतो. उंचीचं सोडा, ती तुमच्या-माझ्या हातात नाही. मला तीन गोष्टी कळवा. वर्षभरात तो पूर्ण वेळ किती सामने खेळला, सराव नव्हे, सामने? त्यांत त्याच्याहून मोठ्यांविरुद्ध किती? आणि क्रॉस हुकल्यावर तो काय करतो: हात कमरेवर ठेवून आकाशाकडे बघतो, की वळून परत पळतो? तिसऱ्याचं उत्तर तुम्हाला कडेला उभं राहून एका सामन्यात मिळेल. दुसऱ्याचा आकडा दहाच्या आत असेल, तर मोठ्या अकादमीची पुढची चाचणी विसरा आणि जवळच्या मंडळाच्या मोठ्या मुलांत त्याला रोज संध्याकाळी खेळू द्या. मार खाईल. गुडघे फुटून घरी येईल, आईला आधीच सांगून ठेवा.

लेफ्ट बॅक आवडत नाही म्हणतो, तर आवडायची सक्ती नको. रॉबर्टसननं एकदा खिशातले पैसे फूड बँकेला देणाऱ्या एका लहान चाहत्याला पत्र लिहिलं, सोबत शर्ट पाठवला तो सहकारी फॉरवर्ड फर्मिनोचा. लेफ्ट बॅकचा शर्ट कुणाला हवा असतो, अशी त्यावर मल्लिनाथी. मुलाला हे सांगा, तो हसेल. आणि येत्या रविवारी त्याला सांगा, प्रत्येक क्रॉसनंतर मध्यरेषेपर्यंत पळत परत यायचं, चेंडू कुठेही असो. पहिल्या वीस मिनिटांत किती वेळा जमलं ते तुम्ही मोजा आणि मला आकडा पाठवा.